शिवणकामाच्या सामानाचं लाकडी कपाट : पहिल्यांदाच करवत हातात घेणाऱ्यांसाठी

माझी आई कोल्हापुरात घरीच ब्लाऊज शिवते. मागच्या खोलीत तिचं पायाचं मशीन, त्याच्या शेजारी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे, खिडकीत एक प्लास्टिकची टोपली आणि मशीनच्या खणात उरलेलं सगळं. गिऱ्हाईक समोर उभं असताना हवा तो धागा सापडत नाही, म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं रीळ आणायची. कपाट करायचं ठरवून एका रविवारी आम्ही सगळे डबे चादरीवर ओतले, तेव्हा एकाच मोरपिशी रंगाची चार रिळं निघाली. चारही अर्धवट वापरलेली.

ते कपाट मी स्वतः बांधलं. त्याआधी मी भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे सुतारकाम केलं नव्हतं. पहिलं कपाट फसलं, दुसरं गेली चार वर्षं रोज वापरात आहे. त्या दुसऱ्या कपाटाची मापं आणि कृती इथे देते. वर दोन दारं, दारांच्या आतल्या बाजूला रिळांच्या खुंट्या, आत एक फळी आणि खाली शेजारी शेजारी दोन खण. रोज थोडा वेळ काढलात तर दोन शनिवार-रविवारांत होतं.

आधी सामान मोजायचं, मग लाकूड

माझं पहिलं कपाट फसलं ते इथेच. मी चित्रात बघून छान दिसणारं माप ठरवलं आणि नंतर त्यात सामान बसवायला गेले. खोली २०० मिमी ठेवली होती. आईची कापड कापायची कात्री १० इंची, म्हणजे २५४ मिमी. ती पुढून मागे सरळ बसेना.

म्हणून घरातलं सगळं शिवणाचं सामान जमिनीवर चादर टाकून ओता आणि ढीग लावा. रिळं, बॉबिनं, बटणं, हुक आणि टिचबटणं, चेन, लेस आणि इलॅस्टिक, फॉल, कॅनव्हास, सुया-टाचण्या, खडू, टेप, कात्र्या. मग चार मापं कागदावर लिहा : सगळ्यात उंच रीळ किती, त्याची जाडी किती, रिळाच्या मधलं भोक किती, आणि सगळ्यात लांब कात्री किती. साध्या शिवणाची छोटी रिळं साधारण २५ मिमी जाडीची असतात. ओव्हरलॉकचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची मोठी रिळं, त्याहून कितीतरी उंच असतात, ते खुंटीवर जात नाहीत, त्यांना फळीच हवी. बऱ्याच घरगुती मशीनांना लागणारं गोल बॉबिन साधारण २० मिमी व्यासाचं आणि पावणेबारा मिमी उंच असतं. तुमचं वेगळं असू शकतं, म्हणून मोजाच.

खाली दिलेली मापं ५० मिमीपर्यंत उंचीची रिळं आणि १० इंची कात्री धरून काढली आहेत. तुमची कात्री १२ इंची असेल तर कपाटाची आणि खणांची खोली ५० मिमीने वाढवा, बाकी काही बदलू नका.

एक सूचना : सगळं मिलिमीटरमध्ये मोजा. दुकानदार फूट-इंचात बोलेल, सुतार सुतात बोलेल (आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३ मिमी), तरी तुमच्या कागदावर मिलिमीटरच असू द्या. नवख्या माणसाची निम्मी चूक अपूर्णांकात होते.

लाकूड कोणतं घ्यायचं

सागवान मनात येणारच. चंद्रपूर-बल्लारशाहकडचा साग नावाजलेला आहे आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण पहिल्या कामाला मी भरीव साग घ्यायला सांगणार नाही. तो घनफुटावर मिळतो, महाग पडतो, रुंद फळ्या हव्या असतील तर पट्ट्या जोडून घ्याव्या लागतात आणि ते जोडकाम सोपं नाही. आंब्याचं लाकूड स्वस्त असतं, पण नीट प्रक्रिया केलेलं नसेल तर त्याला भुंगा लवकर लागतो. भुंगा लागलेल्या लाकडातून पिठासारखी पूड पडते, आणि ती आईच्या रेशमी अस्तरावर पडलेली कुणालाच आवडणार नाही.

पहिल्या कपाटाला चांगला प्लायवूडच घ्या. तो पावसाळ्यात भरीव लाकडाइतका फुगत नाही, त्याचे तुकडे सरळ असतात आणि स्क्रू नीट धरतो. एमआर (साधा ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) प्लायवर आयएस ३०३ चा शिक्का असतो, मरीन प्लायवर आयएस ७१० चा. कोरड्या खोलीत एमआर पुरतो. घर कोकणात किंवा मुंबईत असेल, किंवा भिंतीला ओल येत असेल, तर बीडब्ल्यूआर घ्या. मरीन प्लायचा खर्च या कामाला करायची गरज नाही.

दुकानात प्लाय आडवा ठेवून चारही कोपरे जमिनीला टेकतात का बघा. मग बोटाच्या पेराने जागोजागी वाजवा. मध्येच आवाज पोकळ आला तर आतल्या थरात फट आहे. तिथे स्क्रू धरणार नाही. कडेने बघताना थर सलग दिसले पाहिजेत.

मुठी आणि खुंट्यांसाठी मात्र भरीव लाकूड हवं. वखारीत शिवण नावाच्या झाडाचं लाकूड मिळालं तर जरूर घ्या. फिकट पिवळसर, हलकं, हाताला मऊ कापणारं आणि कमी आकसणारं-फुगणारं लाकूड आहे ते. मुठींना मी तेच वापरलं. शिवणाच्या कपाटाला शिवणाच्या मुठी, याचा आईला फार आनंद झाला.

मापं आणि तुकडे

कपाट बाहेरून ४५० मिमी रुंद, ५०० मिमी उंच, आणि दार-पाठ सोडून ३०० मिमी खोल आहे. तुकडे असे :

१८ मिमी प्लायचे : बाजू दोन, ५०० × ३००. छत, तळ आणि मधली आडवी फळी मिळून तीन, ४१४ × ३००. दोन खणांमधला उभा पडदा एक, १०० × ३००. आतली अरुंद फळी एक, ४१४ × २१०. दारं दोन, ३७२ × २२४. खणांचे दर्शनी भाग दोन, १२५ × २२४.

१२ मिमी प्लायचे : खणांच्या बाजू चार, २९० × ९०. खणांचे पुढचे-मागचे तुकडे चार, १७० × ९०.

६ मिमी प्लायचे : कपाटाची पाठ एक, ५०० × ४५०. खणांचे तळ दोन, २९० × १९४.

१८ मिमीचा प्लाय सगळा मिळून साधारण ११ चौरस फूट लागतो. आठ बाय चारच्या शीटचा अर्धा, म्हणजे चार बाय चार, पुरतो आणि थोडा उरतो. १२ आणि ६ मिमीचे उरलेले तुकडे बहुतेक दुकानांत एका कोपऱ्यात उभे असतात, ते विचारा. अख्खं शीट घ्यायची गरज नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. १८ मिमी म्हणून मिळालेला प्लाय बरेचदा १७ किंवा साडेसतरा मिमी भरतो. ४१४ हा आकडा ४५० मधून दोन बाजूंची जाडी वजा करून आला आहे. तेव्हा आधी हातातला प्लाय मोजा आणि जाडी जितकी कमी असेल त्याच्या दुप्पट ४१४ चा आकडा वाढवा. खणांची मापं शेवटी, सांगाडा उभा राहिल्यावर, प्रत्यक्ष जागा मोजून कापायची आहेत. ती आत्ता कापू नका.

कापून कुठे घ्यायचं? बऱ्याच प्लायच्या दुकानांत किंवा त्यांच्या ओळखीच्या कारखान्यात मशीनवर कापून मिळतं. मोठे तुकडे तिथेच कापून घ्या. मशीनवर निघालेले काटकोन हाताच्या करवतीने पहिल्याच कामात निघत नाहीत. दाराच्या आणि बाजूच्या तुकड्यांवर लाकडाच्या रेषा उभ्या येतील असं सांगा, नाहीतर दुकानदार शीट वाचवायला एखादं दार आडवं कापून देतो. हाताने कापायचंच असेल तर रेषेवर धारदार सुरीने आधी खोल ओरखडा मारा आणि त्यावर कागदी चिकटपट्टी लावून मग करवत चालवा, म्हणजे वरच्या थराच्या ढलप्या उडत नाहीत.

हत्यारं

फार नको. ड्रिल मशीन, २.५, ४ आणि ६ मिमीचे बिट, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, टेप, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), दोन-तीन सी-क्लॅम्प आणि ८०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर. ३८ मिमीचे तीसेक आणि २५ मिमीचे दहा-बारा स्क्रू, बारीक खिळे (सुतार त्यांना चुका म्हणतात) आणि पांढरा फेविकॉल. चष्मा घाला. ओढणी किंवा पदर कमरेला घट्ट खोचा आणि केस बांधा, ड्रिलचं फिरतं टोक सैल कापड एका क्षणात गुंडाळून घेतं. छोटा तुकडा हातात धरून कधीही भोक पाडू नका, क्लॅम्पने टेबलाला आवळा आणि मगच ड्रिल लावा.

सांगाडा

दोन्ही बाजूंचे तुकडे शेजारी शेजारी ठेवा, आतली बाजू वर. पेन्सिलीने खालून वर मोजत चार आडव्या रेषा मारा : ९ मिमीवर तळाची, १२७ वर मधल्या फळीची, ३३५ वर आतल्या अरुंद फळीची आणि ४९१ वर छताची. या रेषा म्हणजे त्या त्या फळीच्या जाडीचा बरोबर मध्य. दोन्ही बाजू एकत्र ठेवून एकदमच रेषा मारल्या तर डावी-उजवी चुकत नाही. मी पहिल्या वेळी वेगवेगळ्या मारल्या होत्या आणि फळी एका बाजूला ४ मिमी वर गेली.

पूर्ण खोलीच्या तीन फळ्यांच्या, म्हणजे तळ, मधली आणि छत यांच्या, रेषांवर पुढच्या कडेपासून ४०, १५० आणि २६० मिमीवर ४ मिमीची आरपार भोकं पाडा. अरुंद फळी मागच्या कडेला टेकून बसणार आहे, म्हणून तिच्या रेषेवर मागून ४० आणि १७० मिमीवर दोनच भोकं.

सगळ्यात आधी उभा पडदा बसवा. तो तळ आणि मधली फळी यांच्या बरोबर मध्ये उभा राहतो, दोन्ही बाजूंना १९८ मिमी जागा सोडून. कडेला फेविकॉल, तळाच्या खालून दोन स्क्रू, मधल्या फळीच्या वरून दोन. हे बाजू लावायच्या आधीच करायचं, नंतर ड्रिल आत जात नाही.

मग बाजू. फळीच्या कडेत २.५ मिमीचं भोक आधी पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका. प्लायच्या कडेत स्क्रू नुसताच घुसवला तर थर पुस्तकाच्या पानांसारखे फाकतात आणि मग काही करता येत नाही. फेविकॉलची पातळ रेघ ओढा, तुकडे जुळवा, स्क्रू अर्धेच आवळा. सगळे स्क्रू अर्धे बसल्यावर काटकोन तपासायचा आणि मगच पूर्ण आवळायचं. आमच्या गल्लीतले सुतारकाका पहिल्या कपाटाकडे बघून एवढंच म्हणाले होते, "ताई, गुण्या लावायच्या आधी स्क्रू आवळलेत."

काटकोन तपासायची खात्रीची रीत म्हणजे दोन कर्ण मोजणं. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, मग दुसरी जोडी. ४५० × ५०० च्या चौकटीचा कर्ण ६७३ मिमीच्या आसपास येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे. एक ६७६ आणि दुसरा ६७० आला, तर लांब कर्णाचे दोन कोपरे हाताने एकमेकांकडे दाबा, परत मोजा. एक मिमीचा फरक चालतो. तीन मिमी चालत नाही, कारण मग दारं खाली-वर दिसतात आणि खण अडतात. यासाठी अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. पुढचं सगळं काम या मापावर उभं आहे.

आता पाठ. ६ मिमीचा तुकडा मशीनवर कापलेला असला की त्याचे कोपरे काटकोनात असतात, म्हणून तो सांगाड्याला सरळ धरून ठेवतो. मागच्या कडांना फेविकॉल लावा, पाठ एका उभ्या कडेला जुळवून चुका मारा, मग बाकीची चौकट पाठीच्या कडांना जुळवून घ्या आणि उरलेल्या कडांना साधारण ८० मिमीच्या अंतराने चुका ठोका. बाहेर आलेला फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळला की तिथे पॉलिश धरत नाही आणि पांढरा डाग कायमचा राहतो. चोवीस तास हात लावू नका.

खण

पहिल्या कपाटात मी एकच रुंद खण केला होता, ४१० मिमी रुंद आणि १९० खोल. तो कधीच सरळ उघडला नाही. एका बाजूने ओढला की दुसरी बाजू मागे राहायची आणि खण तिरका होऊन अडकायचा. खण खोलीपेक्षा रुंद असला आणि चॅनल (खण सरकवणारी धातूची पट्टी) नसला की हे होणारच. म्हणून इथे मधे पडदा घालून दोन अरुंद, खोल खण केले आहेत. त्यांना चॅनल लागत नाही, लाकडावर लाकूड सरकतं.

सांगाडा वाळल्यावर खणाची जागा तीन ठिकाणी मोजा, पुढे, मध्ये आणि मागे. सगळ्यात कमी आलेल्या मापातून ४ मिमी वजा करा. तेवढा खण रुंद. १९८ आलं असेल तर १९४. उंचीतही ४ मिमी सूट ठेवली आहे : बाजू ९०, त्याखाली तळ ६, मिळून ९६, आणि जागा १००.

१२ मिमीच्या दोन लांब बाजूंच्या मध्ये दोन आखूड तुकडे बसवायचे, फेविकॉल आणि २५ मिमीचे स्क्रू. मग कर्ण मोजा, तसाच. तळ खालून फेविकॉल आणि चुकांनी मारा. रिकामा खण जागेवर सरकवून बघा. कुठे घासतो ते कळत नसेल तर खणाच्या बाजूंना शिंप्याचा रंगीत खडू लावा आणि दोन-तीनदा आत-बाहेर करा. जिथून खडू पुसला गेला तिथे ८० नंबरचा पेपर घासा. शेवटी तळाच्या खालच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना साधी पांढरी मेणबत्ती घासा. एवढ्यानेच खण पाण्यासारखा सरकतो, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर परत घासायची.

दर्शनी भाग सगळ्यात शेवटी, दारं बसल्यावर लावायचा, म्हणजे दाराच्या रेषेला रेघ जुळवता येते. खणाच्या आतून दोन स्क्रू. तिथे २५ मिमीचेच स्क्रू घ्या, १२ आणि १८ मिळून ३० मिमी जाडी होते, ३८ चा स्क्रू बाहेर येईल.

दारं आणि रिळांच्या खुंट्या

हे या कपाटाचं खरं काम. दार उघडलं की सगळे रंग एका नजरेत दिसले पाहिजेत.

दार टेबलावर ठेवा, आतली बाजू वर. बिजागरीकडच्या कडेपासून ४५, ८१, ११७, १५३ आणि १८९ मिमीवर पाच उभ्या रेषा मारा. खालच्या कडेपासून ४५, ९०, १३५, १८०, २२५, २७० आणि ३१५ वर सात आडव्या. जिथे छेदतात तिथे खुंटी. एका दारावर ३५, दोन्हीवर ७०. दारांच्या मधल्या कडेपासून ३५ मिमी जागा मुद्दाम सोडली आहे, कारण दार फिरताना शेवटच्या खुंटीवरचं रीळ किंचित मध्याकडे सरकतं आणि दुसरं दार बंद असेल तर त्यावरच्या रिळाला घासतं. दुसरं दार उलटं आखायचं हे विसरू नका, डावं आणि उजवं एकमेकांचं प्रतिबिंब आहेत.

खुंट्यांना ६ मिमी जाडीच्या गोल लाकडी काड्या घ्या. आधी एक काडी तुमच्या रिळाच्या भोकातून सैल जाते का बघा, जात नसेल तर ५ मिमीची घ्या आणि बिटही तोच. ६० मिमीचे तुकडे करा. १० मिमी दारात, ५० बाहेर.

खुंटी सरळ ठोकली तर दार आपटलं की रिळं खाली येतात. ती थोडी वर झुकलेली हवी. त्यासाठी तिरकं ड्रिल धरायची धडपड करू नका. दाराची वरची कड एखाद्या लाकडी ठोकळ्यावर ६५ मिमी उचलून ठेवा आणि ड्रिल मात्र जमिनीला सरळ उभं धरा, शेजारी गुण्या उभा ठेवून. दार तिरकं असल्यामुळे प्रत्येक भोक आपोआप साधारण १० अंश वर झुकतं, आणि सत्तरच्या सत्तर सारखी. बिटवर टोकापासून १० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी दाराला टेकली की थांबायचं. नाहीतर एखादं भोक बाहेरच्या बाजूला फुटतं.

काडीच्या टोकाला फेविकॉलचा थेंब, हातोडीने हलके ठोका. बाहेरचं टोक २२० च्या पेपरने गोल करा. प्रत्येक. कंटाळवाणं आहे, पण टोकदार खुंटीवरून रीळ काढताना धागा अडकून तुटतो.

बिजागऱ्या बसवायला दाराला खाच पाडायची गरज नाही. हे दार बाजूच्या कडेवर येऊन बसतं, त्यामुळे दाराची कड आणि कपाटाची बाहेरची बाजू एका पातळीत येतात. २ इंची पितळी बिजागरी पूर्ण उघडून बाहेरून सपाट लावायची, एक पान कपाटाच्या बाजूवर, दुसरं दाराच्या कडेवर. पान १८ मिमीपेक्षा रुंद नको. दाराच्या कडेतल्या स्क्रूंना आधी बारीक भोक पाडा, कारण तिथेही थर फाकतात. कपाट पाठीवर आडवं पाडा, दारं वर मांडा, मध्ये २ मिमी जाडीचा पुठ्ठा घाला आणि मग स्क्रू मारा. दारं बसली की पुठ्ठा काढायचा, फट सारखी येते. आत छताच्या खालच्या बाजूला प्रत्येक दाराला एक चुंबकी कॅचर लावा.

घासणं आणि पॉलिश

सगळे जोड वाळल्यावर सगळीकडून आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. किती घासायचं याची माझी एक परीक्षा आहे : जुन्या शिफॉनच्या ओढणीचा तुकडा फळीवरून, कडांवरून, खणाच्या आतून फिरवा. कुठेही अडला तर तिथे परत पेपर. हे कपाट धाग्यांचं आणि कापडाचं आहे, एक कूस निघालेली राहिली तर रेशमी धाग्याचा तार ओढला जातो.

बाहेरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश चांगलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा मऊ सुती फडक्याने पातळ पातळ तीन-चार हात लावायचा, प्रत्येक हातानंतर हलका पेपर. ते झटकन वाळतं आणि त्याला वास राहत नाही. मात्र दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. चपड्याला उष्णताही सोसत नाही. छतावर गरम इस्त्री टेकवली की खूण उमटते. आई इस्त्री तिथेच ठेवणार हे मला माहीत होतं, म्हणून छताला मी पॉलियुरेथेनचे दोन हात दिले.

आतून काहीही लावू नका, खणांत तर मुळीच नाही. तेल लावलेलं लाकूड महिनोन् महिने कापडाला डाग देतं. बाहेरून जवसाचं तेल वापरणार असाल तर ती तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा आणि मगच टाका.

भिंतीला बांधणं

दारांवर ७० रिळं असताना दोन्ही दारं उघडली की वजन पुढे जातं. कपाट टेबलावर ठेवत असाल तरी मागून दोन एल-पट्ट्या आणि रावल प्लगने भिंतीला बांधा. घरात लहान मूल असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, रंगीत रिळं दिसली की ते दाराला लोंबकळतं. भिंतीला ओल असेल तर मागे १० मिमीच्या पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवा.

भरताना

खुंट्यांवर रिळं रंगांनुसार लावा, पण पांढरं, काळं आणि अस्तराचे रोजचे रंग हाताच्या उंचीवरच्या ओळीत. आतल्या फळीखाली १९० मिमी उंची मिळते, तिथे कोन आणि बटणांच्या बरण्या. बरण्या काचेच्याच ठेवा, झाकण न उघडता बटण दिसतं. फळीच्या वर फॉल, कॅनव्हास आणि लेसच्या गुंडाळ्या.

उजव्या खणात बॉबिनं. उरलेल्या ६ मिमी प्लायचा खणाच्या आतल्या मापाचा तुकडा घ्या आणि त्यात २८ मिमीच्या अंतराने २२ मिमीची आरपार भोकं पाडा, एका ओळीत पाच बसतात. तो तुकडा नुसताच खणाच्या तळावर ठेवायचा. बॉबिन निम्मं भोकात बसतं, निम्मं वर राहतं, म्हणून चिमटीत उचलता येतं आणि धागे एकमेकांत गुंतत नाहीत. याच खणाच्या कोपऱ्यात सुया, आणि सुयांशेजारी औषधांच्या बाटल्यांत मिळणारी सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात सुयांना गंज चढतो आणि गंजलेली सुई नव्या कापडावर तपकिरी ठिपका ठेवून जाते. पुडी दर दोन महिन्यांनी बदला.

डाव्या खणात कात्र्या. आतून लांबी २६६ मिमी आहे, १० इंची कात्री सरळ बसते. तळाला जुन्या लोकरी शालीचा तुकडा अंथरा, म्हणजे खण सरकताना पाती आपटत नाहीत. या खणात फक्त कापड कापायच्या कात्र्या. कागद आणि दुधाच्या पिशव्या कापायची कात्री स्वयंपाकघरातच राहू द्या.